नटाखालचा हिरवा रंग

शाळेत मी फार टिकलो नाही, पण रंगाच्या कामात आमच्या आरमोरीकडं माझा हात धरणारा कोणी नव्हता. बैलबंडी रंगवायची तर बोटभर जागा उघडी सोडायची नाही. उघड्या लाकडात पाणी शिरतं, पाण्यामागून कीड येते. म्हणून फळ्या सोडवून सांध्यांतसुद्धा रंग भरायचा.

जुनी फटफटी घेतली तेव्हा तिलाही तसंच रंगवलं. बंडीचा हिरवा ऑइलपेंट उरला होता. मागचा दिवा, इंडिकेटर, हँडल, सगळं सोडवलं आणि नटाखाली, पत्र्याला पत्रा टेकतो तिथंही चांगला जाड हात मारला. गाडी अशी उठून दिसायची की पोपटानं मान खाली घालावी.

मग ती येड्यासारखी करू लागली.

ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागायच्या ऐवजी पुढचे दोन्ही इंडिकेटर मिणमिणायचे. म्हणजे मला थांबायचं असलं की गाडी समोरच्याला सांगणार, मी डावीकडंही वळतो आणि उजवीकडंही. भोंग्याची तऱ्हा निराळी. हँडल सरळ असलं की मुका, वळवलं की बोंबलायचा. समोर म्हैस आली की बटन दाबून मी गाडी नागमोडी न्यायचो, तेव्हा कुठं आवाज निघायचा. एकदा समोरून येणाऱ्या बंडीवाल्यानं आपले बैलच थांबवले.

"भाऊ, तुमी नेमके कुठी वळून राह्यले?"

"कुठीच नाई. थांबून राह्यलो."

"मंग असे हेलकावे काऊन? सकाळीच मोहाची घेतली का?"

मी जन्मात दारूला शिवलो नाही. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट, तरी ही बातमी माझ्या आधी घरी पोचली.

तिकडं मार्कंड्याची शिवरात्रीची जत्रा जवळ आलेली. दरवर्षी बायको तिच्या भावाच्या जीपमध्ये मागं कोंबून जायची. यंदा माझ्या गाडीवर नेतो, असं मी मेहुण्यासमोर छाती ठोकून सांगून बसलो होतो. बायको म्हणाली, "त्या येड्या गाडीवर मी बसत नाई. लोक म्हणतीन, इचा नवरा टुन्न हाये. मी भावाच्या जीपनं जाईन."

मेहुण्याच्या जीपमागं मी एकट्यानं धूळ खात जायचं? त्यापेक्षा जत्रा नको.

गाडी वडशाला नेली. तिथला मिस्त्री मुसलमान, हात चालायचा तेवढंच तोंडही चालायचं. त्यानं वायरचा एक तुकडा घेतला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं मागच्या दिव्याच्या बोल्टाला टेकवलं, आट्यांवर जिथं रंग पोचला नव्हता तिथं. मी ब्रेक दाबला. लाल दिवा भक्कन लागला. त्यानं तुकडा उचलला, की पुढचे दोघं पुन्हा मिणमिण.

"पाहा भाऊ, अर्थिंग नाई भेटून राह्यलं. करंट दिव्यात जाते, पण वापस याले रस्ता नाई. मंग तो बिचारा इंडिकेटरच्या घरातून घुसून पळते. ये पेंट किस गधे ने मारा?"

"म्या मारला."

त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "हाथ साफ है, भाऊ. पण खरवडा लागते. दिव्यासाठी नटाखाली, अन् भोंग्यासाठी हँडलच्या जोडात."

"खरवडू देत नाई. अन् अर्थिंग मले शिकवू नको. विहिरीच्या मोटारीचं अर्थिंग म्या सोता गाडलं. मीठ, कोळसा, वरून पाणी."

"ते मोटारीचं, भाऊ. गाडीची जमीन म्हंजे तिचंच लोखंड."

वायरचा तुकडा तेवढा मागून घेतला आणि निघालो. रबराच्या चाकांवर उभ्या गाडीला जमीन कुठून भेटणार, हे एवढ्या मोठ्या मिस्त्रीला सुचू नये! घरी येऊन बैलाची साखळी मागच्या मडगार्डाला बांधली, टोक रस्त्यावर घासत जाईल अशी. वरून मिठाचं पाणी ओतलं. गावातून चक्कर मारली तर खणखणाट. मागं कुत्री, घराघरांतून माणसं बाहेर. भोंग्याची गरज उरली नाही, एवढं खरं. दिवे तसेच.

बायको दारात उभी होती. "आता बैलही जुपून टाका," म्हणाली.

जत्रेच्या सकाळी मेहुण्याची जीप दारात येऊन थांबली. मी वायरचं एक टोक बॅटरीला बांधलं. दुसरं बांधावं तर बोल्टाचे उघडे आटे नखाएवढे, वायर गुंडाळायला जागाच नाही.

"हे टोक इथी दाबून धर," बायकोला म्हणालो. "बस, येवढंच."

"मी जत्रेले जाऊन राह्यली का लायनमनच्या नोकरीवर?"

"धरून तर पाह्य."

तिनं धरलं, मी ब्रेक दाबला. मेहुणा मागून ओरडला, "लागला ना बापा!" बायकोनं भावाकडं पाहिलं, पदर वायरला गुंडाळला आणि मागं बसली. मेहुण्याची जीप आमच्या मागं. माझी मान ताठ.

चामोर्शीच्या रस्त्याला तिला समजलं की आपल्या हातात काय आहे. मी गाडी जोरात हाणली की ती वायर उचलायची. ब्रेक लावताच पुढं दोन्ही इंडिकेटर मिणमिणायचे आणि मागून मेहुणा हॉर्नवर हॉर्न.

"वायर धर!"

"हळू चालवतो म्हणा."

"हळू चालवतो."

दिवा चालू. चहाला कुठं थांबायचं, तेही असंच ठरलं.

मार्कंड्याला मी वैनगंगेवर आंघोळीला गेलो. परत आलो तर बायको गाडीपाशी बसलेली, मांडीवर मेहुण्याच्या जीपमधला पाना. निघताना मी म्हणालो, "वायर धर."

"नाई धरत. दाबा ब्रेक."

दाबला. पुढं काहीच मिणमिणलं नाही. ब्रेक दाबून ठेवत मागं वाकून पाहिलं. दिवा लाल, बोल्टाखाली लोखंड पांढरंशुभ्र, आणि तिच्या नखांत हिरवा रंग. मी वायर सोडून खिशात घातली. तिनंही हात पदराखाली घेतला.

पुढच्या साली गाडीला पुन्हा रंग दिला, तेवढा बोल्ट सोडून. हँडलच्या जोडाला मात्र मी कोणाला हात लावू दिला नाही. भोंगा शेवटपर्यंत वळल्यावरच वाजला. रस्त्यात दुरून म्हैस दिसली की बायको माझी कंबर घट्ट धरायची आणि मी हँडल वळवायच्या आधीच डावीकडं झुकायची.