बिनआडनावाचा ॲम्प्लिफायर

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात, तसे रेडिओवाल्याच्या दुकानात किस्से. चिंध्यांची निदान गोधडी तरी होते. किश्शांचं काय करायचं, सांगा! अमरावतीत माझ्या टेलरिंगच्या दुकानाला भिंत लागून गुलाबरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दोघांत मिळून एक बाक. त्या बाकावर बसून मी जेवढं ऐकलं, तेवढं कापड आयुष्यात कापलं नसेल.

गुलाबरावांच्या दुकानावर बोर्ड होता : 'कोणताही रेडिओ आवाजावरून ओळखू'. आणि ते खरंच ओळखायचे. रस्त्यानं जाताना कुणाच्या खिडकीतून बातम्या ऐकू आल्या की थांबायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हॉलंडचा. एक वाल गेला हाये." दार वाजवून बघावं तर खरंच हॉलंडचा, आणि खरंच आतला काचेचा एक वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, गेलेला! तिवसा, चांदूरपासून माणसं यायची ती त्या बोर्डापायी.

एकदा तिवश्याचा एक जण गोधडीत गुंडाळलेलं धूड घेऊन आला. गुलाबरावांनी गोधडी सोडूही दिली नाही. वरूनच टकटक केलं, कान लावला.

"लाकूड सांगते. विलायती माल हाये. आवाज घोगरा येते का?"

"आवाज त येते," तो म्हणाला, "पन शिवन उसवते."

शिलाई मशीन होती! बिचारा माझं दुकान समजून त्यांच्याकडं शिरला होता. आम्ही पोट धरून हसलो. गुलाबराव तसूभर हलले नाहीत. म्हणाले, "मशीन विलायतीच हाये ना? मंग!"

* * *

अशा माणसाच्या नशिबी ते यंत्र यावं! चीनच्या लढाईनंतरचे दिवस. अकोल्याच्या जुन्या बाजारात भंगारवाले रहीमभाई होते. त्यांच्याकडं गुलाबरावांना एक ॲम्प्लिफायर दिसला. भला जड, वर काचेचे वाल ओळीनं उभे, पुढं बटणं सगळी दोन-दोन. आणि जिथं कंपनीच्या नावाची पट्टी असते, तिथं नुसती स्क्रूची दोन भोकं.

"कोनाचा हाये?" गुलाबरावांनी विचारलं.

"साहब लोगों का माल है."

"कोणत्या साहेबाचा?"

"अब साहब लोग अपना नाम बता के थोड़ी जाते हैं, गुलाबभाई!"

यंत्र विकत घेऊन परत येताना एस्टीच्या मोटारीत कंडक्टरनं अडवलं. सामानाचं तिकीट फाडायचं तर सामानाचं नाव पाहिजे. गुलाबराव म्हणाले, "नाव नाही. तेच त शोधाचं हाये." कंडक्टरनं यंत्राकडं पाहिलं, गुलाबरावांकडं पाहिलं, आणि तिकिटावर लिहिलं, 'पेटी, बेवारस'. अमरावतीला उतरेपर्यंत शेजारचा माणूस अंग चोरून बसला होता.

* * *

आता बाकावरची माणसं सांगतो. दोनच होती, पण पुरून उरायची.

एक बापूसाहेब वकील. कोर्टात कमी, बाकावर जास्त. नवा माणूस दिसला की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले : नाव काय, आडनाव काय, मूळ गाव कोणतं. तिन्ही उत्तरं मिळाली की माणूस कुठल्या खणात ठेवायचा ते पक्कं व्हायचं आणि बापूसाहेबांना चहा गोड लागायचा.

दुसरे वानखडे, तारऑफिसात नोकरीला. बापूसाहेबांची खरी पंचाईत इथंच. आमच्या वऱ्हाडात वानखडे हे आडनाव असं आहे की त्यावरून काही म्हणता काही कळत नाही. सगळ्या खणांत सापडतं. वानखड्यांच्या घरच्यांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली होती, हे मला ठाऊक होतं, गुलाबरावांना ठाऊक होतं. बापूसाहेबांना तेवढं कुणी सांगत नव्हतं, कारण त्यांची तगमग बघायला मजा यायची.

"वानखडे म्हणजे कुठले?" बापूसाहेब विचारायचे.

"तारऑफिसातले," वानखडे सांगायचे.

"तसं नाही हो. मूळचे?"

"मूळचा मी भल्ला लाजाळू होतो बापूसाहेब, आता थोडा बोलून राहिलो!"

* * *

तर बेवारस पेटी बाकावर आली आणि बापूसाहेबांना नवं गिऱ्हाईक मिळालं. त्यांनी यंत्र उचलायचा प्रयत्न केला, उचलेना. "जर्मन!" ते म्हणाले. "जर्मन माणूस वजनात कंजुषी करत नाही."

दुसऱ्या दिवशी गुलाबरावांनी आतला एक स्क्रू काढला. तो निघाला इंग्रजी मापाचा. बापूसाहेब विचारात पडले. चहाचा कप हातात तसाच. शेवटी निकाल दिला, "बाप जर्मन असेल. आई इंग्रज."

"अरे बाप्पा!" वानखडे म्हणाले. "म्हंजे आंतरजातीय!"

तो चहा बापूसाहेबांच्या धोतरावरून मी स्वतः पुसला.

* * *

सगळ्यात मोठं कोडं मागच्या बाजूला होतं. तारा जोडायच्या जागा दोन, एकीवर इंग्रजी 'एल', दुसरीवर 'आर'. आज शाळेतलं पोरही सांगेल की हा स्टीरिओ, एल म्हणजे डावा, आर म्हणजे उजवा. पण तेव्हा आमच्या गावात स्टीरिओ हा शब्द पोचायचा होता.

बापूसाहेब म्हणाले, "सोपं आहे. एल म्हणजे लेडीज. सभेत बायका वेगळ्या बसतात की नाही? त्यांचा भोंगा वेगळा."

"आन आर?"

इथं वकिली थांबली. गुलाबरावांनीच डोकं लढवलं आणि म्हणाले, "आर म्हंजे राह्यलेले!"

इतकं पटलं सगळ्यांना! जर्मनीत किती विचार करून माल काढतात, यावर बापूसाहेब बराच वेळ बोलले.

* * *

पुढच्याच आठवड्यात बापूसाहेबांनी आणलेल्या एका पुढाऱ्याची सभा होती, तिथं हेच यंत्र लावलं. एलचा भोंगा बायकांकडं, आरचा पुरुषांकडं. माइक एकच, तो लावला एलमध्ये, कारण बापूसाहेबांच्या मते मान आधी बायकांचा.

पुढारी बोलायला लागले. बायकांना खणखणीत ऐकू येत होतं. राह्यलेल्यांना एक अक्षर नाही! पण आमच्याकडचे पुरुष समजूतदार. बायकांनी टाळ्या वाजवल्या की हेही वाजवायचे. बायका हसल्या की हेही हसायचे. शेवटी पुढारी गहिवरून म्हणाले, "इतके शांत श्रोते मी कुठंच पाहिले नाहीत!" हेही राह्यलेल्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी टाळ्या मात्र वाजवल्या.

घरी गेल्यावर माझ्या मंडळींना मी विचारलं, "काय म्हनले साहेब?"

"ते आमच्या भोंग्यातलं हाये," ती म्हणाली. "तुमाले काहून सांगू?"

* * *

हसू सगळ्या गावात गेलं, आणि ते गुलाबरावांना झोंबलं. गिऱ्हाईकं दारात यायची, बोर्ड वाचायची आणि विचारायची, "मंग त्या पेटीचं नाव कळलं का?" काही जण तर रेडिओ काखेत घेऊन तसेच पुढच्या दुकानाकडं वळायचे. एक दिवस बापूसाहेबही म्हणाले, "गुलाबराव, ज्याला घरातली पेटी ओळखता येत नाही, त्यानं असा बोर्ड लावावा का?"

गुलाबराव उठले. हातातला डाग द्यायचा काविया, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, खाली ठेवला. "दसऱ्यापावतर याचं नाव नाई सांगतलं, त बोर्ड उतरवतो. तुमच्यासमोर!"

बोर्ड गेला म्हणजे दुकान गेलं, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. त्यानंतर गुलाबराव रोज यंत्र उघडायचे, वास घ्यायचे, डोळे मिटून ऐकायचे. नाव काही सापडत नव्हतं. त्यांचं जेवण कमी झालं, आणि मला ते बघवत नव्हतं.

* * *

दसरा तोंडावर आला तसे वानखडे दुकानात आले. वस्तीत दीक्षेच्या दिवसाचा कार्यक्रम होता आणि गावातले सगळे भोंगेवाले त्याच दिवशी नेमके बिझी निघाले होते. काहून, ते त्यांनाच ठाऊक!

"हे मशीन देता का?" वानखड्यांनी विचारलं.

"अजून याचं नाव कळलं नाही, वानखडे. लोकायसमोर दगा दिला मंग?"

"मले नाव काय कराचं हाये? वाजून राहिलं ना? बस झालं!"

गुलाबरावांनी यंत्रावरची धूळ झटकली. मग म्हणाले, "बाया कोन्या बाजूनं बसतीन?"

"आमच्याकडं सगळे एकत्रच बसतात."

गुलाबरावांनी दोन माइक काढले, सुतळीनं एकत्र बांधले, एक एलमध्ये आणि एक आरमध्ये खोचला.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी आणि गुलाबराव वस्तीच्या तोंडाशी रस्त्यावर उभे होतो. बापूसाहेबही आले होते, ऐकायला नव्हे, बोर्ड उतरायची वेळ झाली याची आठवण द्यायला. मंडपाची कनात आड होती, बोलणारा दिसत नव्हता. आणि दोन्ही भोंग्यांतून आवाज आला! भरदार, स्वच्छ, कुठं खरखर नाही. भोंग्यातून ओळखीचा आवाजही परका वाटतो. आपल्या आईनं शाळेत कसं घातलं ते कुणीतरी सांगत होतं. मला हुंदका आला, खोटं कशाला सांगू. गुलाबरावांनी डोळे मिटले होते.

बापूसाहेब नकळत दोन पावलं पुढं गेले. "वा! याला म्हणतात खानदानी आवाज! कोणत्या घराण्यातला माणूस आहे हो?"

गुलाबरावांनी डोळे उघडले आणि ते थेट घरी निघून गेले.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेब मुद्दाम लवकर आले. बोर्ड जागेवर होता. खाली बाकावर यंत्र, आणि त्या दोन भोकांत दोन स्क्रू पिळून बसवलेली नवीकोरी पितळी पट्टी. बापूसाहेबांनी चष्मा लावला. पट्टीवर कोरलं होतं : 'वानखडे'.

"वानखडे?" बापूसाहेबांचा चष्मा नाकावर घसरला. "वानखडे म्हणजे... कुठले?"

गुलाबरावांनी डाग देता देता मान वर केली नाही.

"काल भोंग्यात वानखडेच बोलून राहिले होते. घरानं खानदानी हाये, हे तुमीच त ओळखलं, बापूसाहेब. आवाजावरून!"