सांगजूवालीचा शिक्का

प्यो सोकजुन वाचनालयाच्या पायऱ्या चढला तो शिकायला नव्हे, भांडायला. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, पण कुणाची खोड काढायची म्हटलं की त्याच्या अंगात दहा माणसांचं बळ यायचं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता साठीपुढच्या लोकांना फुकट संगणक शिकवतात, असा कागद खाली लावला होता. त्याने तो चष्मा लावून वाचला, लिहिणाऱ्याला धड लिहायची अक्कल नाही असं ठरवलं, दारात बूट काढून सपाता घातल्या आणि वर गेला.

होंगोक गावच्या कचेरीसमोर अडतीस वर्षं त्याचं अर्ज लिहून द्यायचं दुकान होतं. जन्म, मृत्यू, जमीन, शेजाऱ्याची तक्रार, काहीही असो, लोक त्याच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे आणि तो मान वर न करता विचारायचा, "काय झालं?" कागदावर सहीच्या जागी नावाचा लाकडी शिक्का उठवावा लागतो. तो दर वेळी घरी विसरून पुन्हा सहा मैल जाऊन आणण्यापेक्षा लोकांनी आपापले शिक्के प्योकडेच ठेवून दिले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठ-पासष्ट शिक्के होते. प्यो त्याला विश्वास म्हणायचा. खरं तर तो लोकांचा आळस होता, आणि त्यांच्या आळसावर प्यो मोठा झाला होता.

मग कचेरीच्या आवारात एक यंत्र उभं राहिलं. अंगठा टेकवला की दाखला बाहेर. बाकीचं पोरंसोरं घरी बसून संगणकावर करू लागली. टेबलाशी उभं राहायला कुणी उरलं नाही आणि दुकान बंद झालं. आता तिथे कोंबडी तळतात, आणि तो वास आला की प्यो रस्ता बदलतो.

त्याचा बेत साधा होता. यंत्राने आपलं गिऱ्हाईक नेलं ना, मग यंत्रच शिकायचं. म्हातारी माणसं पुन्हा आपल्याकडे येतील, आपण पुन्हा मान वर न करता विचारू, काय झालं. त्यासाठी एकच गोष्ट जमायला हवी होती. बाकी कुणाला संगणक येता कामा नये.

आडवी आली ती शिकवणारी बाई, कुक मीरान. त्रेचाळीस वर्षांची, वर्षावर्षाच्या करारावर नेमलेली, बोलणं करवतीसारखं. तिचा नियम एकच. शिकणाऱ्याच्या माऊसला ती बोट लावायची नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून ती रांगांमधून फिरायची.

"बाई, एवढं करून द्या ना."

"मला येतं. मी कशाला करू?"

"अहो, हात दुखतो माझा."

"मिरच्या खुडताना दुखत नाही. दोनदा दाबा. पटपट. पुन्हा."

"मेली कुठली," मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटायचं. ते तिला ऐकू जायचं आणि ती त्याच माणसाला पुढचा प्रश्न विचारायची. वर्गात बारा जण होते आणि त्यांतल्या एकालाही ती आवडत नव्हती. तिलाही ते आवडत नव्हते. या बाबतीत वर्गात पूर्ण एकमत होतं.

वासरात लंगडी गाय शहाणी, तसं महिनाभरात प्योचं झालं. एका बोटाने का होईना, तो नीट टाइप करू लागला. कागदपत्रं जाणणारा, शिवाय एके काळचा साहेब माणूस, म्हणून लोकांनी त्यालाच वर्गप्रमुख केलं. बाईंची पाठ वळली की तो उठायचा, अडलेल्याच्या खांद्यावरून हात घालायचा आणि काम उरकून द्यायचा. लोक त्याला कॉफीची पुडी, उकडलेलं रताळं आणून द्यायचे. आणि दुसऱ्याच महिन्यात, कुणी सांगितलं नाही, कुणी मागितलं नाही, तरी एकेकाने आपला पासवर्ड त्याच्याकडे ठेवायला दिला. लक्षात कोण ठेवणार? पूर्वी शिक्का ठेवायचे, आता हे. प्योने निळ्या पुठ्ठ्याची छोटी वही केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्या दिवशी तो घरी शीळ घालत गेला.

कोपऱ्यातल्या जागेवर सांगजूवाली बसायची. माहेर सांगजूचं, म्हणून साठ वर्षं गावात तिचं तेवढंच नाव. वय शहात्तर, लसणाची शेती, नवरा नऊ वर्षांपूर्वी गेलेला. तो प्योचा थोरला मित्र, म्हणून ही वहिनी. दुकान उघडल्यापासूनचे तिचे सगळे कागद प्योने लिहिले होते, नवऱ्याच्या मृत्यूचासुद्धा. तिला लिहिता येत नव्हतं असं नाही. पण कचेरीत पेन हातात घेतलं की तिचा हात थरथरायचा आणि तेवढ्यात प्यो म्हणायचा, "द्या वहिनी, मी लिहितो."

जूनमधल्या एका शुक्रवारी ती अर्धा तास एकाच खिडकीशी झुंजत होती. पासवर्ड लिहायची, चुकायची, पुसायची. प्योने सवयीने हात पुढे केला. "द्या वहिनी."

"हात काढा," बाई मागून म्हणाली.

"त्यांना जमत नाहीये."

"जमेपर्यंत बसतील. आणि तुम्हाला त्यांचा पासवर्ड कसा माहीत?"

सगळ्यांच्या नजरा प्योच्या कोटाआडून डोकावणाऱ्या निळ्या वहीकडे गेल्या. त्या नजरांवरूनच तिला सगळं कळलं. ती हात पुढे करून उभी राहिली. "ती वही द्या."

"बाई, मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे."

"माझे वडील तुमच्या दारात उभे असायचे, प्योसाहेब. धरणात जमीन गेली तेव्हा. तुम्ही चार वेळा उद्या या म्हणालात आणि भरपाईच्या अर्जाची मुदत टळली. वही द्या."

प्योला तो माणूस आठवला नाही. असे पुष्कळ होते. त्याने कोटाची गुंडी लावली. "वही माझी आहे."

"मग सगळ्यांनी पासवर्ड बदला. आत्ता. कसा ते मी दोनदा सांगेन, तिसऱ्यांदा नाही."

तिने दोनदा सांगितलं. लोक माऊस हलवल्यासारखं करत राहिले आणि बाईंवर मनातल्या मनात जळत राहिले. आता साहेबांचा अपमान कशाला करायचा? बारा वाजता सगळे उठून जेवायला गेले. सांगजूवाली तेवढी बसून होती. ती संथच आहे, असं म्हणून प्यो जिना उतरला.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. ही बाई गेली पाहिजे. संधी डिसेंबरात आली. वर्ष संपताना शिकणाऱ्यांनी आपापल्या पासवर्डने आत जाऊन शिकवणारीला पाचपैकी गुण द्यायचे, खाली मत लिहायचं. सरासरी तीनच्या खाली गेली तर करार पुढे चालायचा नाही आणि वर्गही बंद. हे प्योला कळलं तेव्हा त्याचं तोंड गोड झालं. वर्गातल्या लोकांना त्याने विचारलं. "पाठवून टाका साहेब," ते म्हणाले, "आम्हाला कुठे जमतंय ते."

बुधवारी दुपारी वाचनालयात कुणी नव्हतं. प्योने निळी वही उघडून ठेवली, आधी स्वतःचं आणि मग एकेकाचं नाव घालत गेला. प्रत्येकाला एक गुण. खाली मत, जुन्या सवयीप्रमाणे, अर्जाच्या भाषेत: उपरोक्त शिक्षिका वयोवृद्धांशी अनुचित वर्तन करतात, तरी उचित कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती. अडतीस वर्षांत इतक्या आनंदाने त्याने काही लिहिलं नव्हतं. अकरा झाले. बारावी सांगजूवाली. पासवर्ड घातला. चुकीचा. सावकाश घातला. चुकीचा. तिसऱ्यांदा खिडकी बंदच झाली.

तो तडक तिच्या घरी गेला. ती अंगणात घमेल्यात कोबी मिठात घालत होती, कोपरापर्यंत हात गारठ्याने लाल.

"वहिनी, तुमचा पासवर्ड लागत नाही."

"बदलला."

"कधी?"

"बाई म्हणाली तेव्हा. जूनमध्ये."

"मग मला सांगायचं नाही? मतं पाठवायची आहेत, शुक्रवारपर्यंत."

"माझं मी पाठवलं." तिने कोबी उलटा केला. "दोन गुण दिले. लई उद्धट आहे बाई. ते लिहिलंय खाली. दोन ओळी लिहायला सकाळ गेली माझी."

प्योला हायसं वाटलं. "मग झालं तर. आपण एकाच बाजूचे."

"मी कुणाच्या बाजूची नाही," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या मिठात उभे आहात, जरा सरका."

पुढच्या आठवड्यात निकाल लागला आणि करार संपला. बाई खोकं घेऊन जिना उतरत होती, प्यो खाली पेपर वाचत होता. ती त्याच्यासमोर थांबली.

"अकरा जणांची एकच नम्र विनंती. टाइप केलं तरी तुमचं अक्षर ओळखू येतं, प्योसाहेब."

"मग तक्रार करा."

"कशाला? बारावं मत वाचलं मी, त्यांनी स्वतः लिहिलेलं. माझा पगार वसूल झाला." सपाता काढून बूट घालेपर्यंत तिने त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. प्योने पेपर वर धरला, पण बराच वेळ तो एकच ओळ वाचत होता.

वर्ग बंद झाला, खोलीला कुलूप लागलं. प्योने घरातलं टेबल खिडकीशी ओढलं, मुलाने टाकून दिलेला संगणक त्यावर मांडला आणि वाट पाहिली. पाचव्या दिवशी दाराशी चाहूल लागली. सांगजूवाली होती. प्योचा चेहरा खुलला. त्याने मान वर केली नाही.

"काय झालं?"

"शिक्का न्यायला आले. माझा, आणि ह्यांचा."

त्याने मान वर केली. "मेलेल्या माणसाचा शिक्का कशाला हवा?"

"तुम्हाला कशाला हवा?"

त्याने पत्र्याचा डबा काढला. शिक्के शोधायला वेळ लागला, नावं झिजली होती. दोन्ही तिच्यासमोर ठेवले, आणि हरायचं नाही म्हणून म्हणाला, "पोच लागेल. नियम आहे." असा नियम कधीच नव्हता. त्याने कागद ओढला, पेन उघडलं. "द्या, मी लिहितो."

"हात मागे घ्या," सांगजूवाली म्हणाली.

तिने पेन घेतलं. थरथरत्या हाताने तिने तारीख लिहिली, दोन शिक्के मिळाले असं लिहिलं, खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. प्योने तिच्या नवऱ्याचं नाव शेकडो वेळा लिहिलं होतं, तिचंही. तिच्या हातचं तिचं नाव तो पहिल्यांदाच पाहत होता. तिने शिक्क्यावर तोंडाने वाफ सोडली, नावापुढे तो दाबला आणि दोन्ही शिक्के रुमालात बांधून गेली.

प्योने चष्मा लावला. कागद उजेडात धरला आणि चूक शोधायला बसला. एकदा वाचला, दोनदा वाचला, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिली. चूक नव्हती.