मैनाबाईचा शब्द आणि वकीलसाहेबांचं तोंड

बोरटोल्याच्या मैनाबाईचा राग आधी भांड्यांवर निघे. निवडणुकीचा निकाल कळला त्या दिवशी ती राख घेऊन विहिरीवर बसली आणि तिनं पितळी गंज असा घासला, की कल्हईच उडाली. नवरा नथ्थू लांबूनच म्हणाला, "अवो, त्या गंजानं तं इरोधात मत नाही ना देलं?"

तिनं राखेची मूठ भिरकावली. ती त्याला लागली नाही. लग्न झाल्यापासून नथ्थू एकच विद्या शिकला होता, बायकोच्या टप्प्याबाहेर उभं राहण्याची.

मैनाबाईच्या पक्षाचं नाव घेण्यात अर्थ नाही. आज ज्याला विचारावं तो म्हणतो, आम्ही तेव्हा त्यात नव्हतोच! पण सदुसष्टच्या आधी बालाघाटपासून राजेगावपर्यंत त्या पक्षानं एखादं खाचर, म्हणजे साधी बैलगाडी, उभं केलं असतं, तर तेही निवडून आलं असतं, आणि बैलांनी हार घालून घेतले असते. बोरटोल्यात पक्ष म्हणजे मैनाबाई. पक्षाची जीप आली की पुढच्या सीटवर ती. ड्रायव्हर मोतीलालला ती "बढाव!" म्हणायची, तेही अशा तोऱ्यात, की जीप तिच्याच माहेरून आंदण आली असावी. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसत. जळतही असत, ते सांगायला नको.

पण मतं आणायची ती. तिची रीत साधी होती. भाषण नाही, छापील परचा नाही. निवडणूक आली की घरोघर थेट सैपाकखोलीत शिरायची, चुलीच्या काठावर हात ठेवायची आणि म्हणायची, "या चुलीची आन, औंदा नाल्यावर रपटा होते." रपटा म्हणजे दगडमातीचा ठेंगणा पूल. नाला गाव आणि गोंदियाच्या सडकेच्या मध्ये आडवा पडलेला. पाऊस लागला की बोरटोला चार महिने जगातून उठे. बालाघाटचे वकील त्र्यंबकराव, पक्षाचे तालेवार पुढारी, दर निवडणुकीला तिला सांगत, "मैनाबाई, रपटा झालाच समजा." मैनाबाई समजत असे. तिच्या आनेवर गाव समजत असे. नाला तेवढा समजायला तयार नव्हता.

मग एका श्रावणात गावातल्या गोदाबाईची सून पुष्पलता बाळंतपणात अडली. गाडी जुंपून नाल्यापर्यंत आणली, आणि नाल्याला पाणी बैलांच्या शिंगांना लागेल एवढं. पाणी उतरायची वाट बघत ती पोर गाडीतच गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

त्या भागात माणूस गेलेल्या घरी बसायला जातात. वैरीसुद्धा जातो. अंगणात मुकाट बसतो, पाणी पितो आणि उठतो. वकीलसाहेब काही आले नाहीत. मैनाबाई गेली. सवयीनं आत शिरली, सवयीनं तिचा हात चुलीकडे गेला. गोदाबाई म्हणाली, "हात उचल. माही चूल हाय थे."

बस. ना शिवी, ना आरडाओरड. त्या दिवसापासून बोरटोल्यातली एकही बाई मैनाबाईला सैपाकखोलीत येऊ देईना. "बस वो बाई," म्हणत सगळ्या, पण अंगणातच. हळदीकुंकू अंगणात, पानसुपारी अंगणात. जिच्यासमोर गावातली एक कडी बंद नव्हती, ती उंबऱ्याबाहेर आली. पुढच्या निवडणुकीत पक्षाला बोरटोल्यातून मिळालेली मतं एका हाताच्या बोटांत मावली. त्यातलं एक नथ्थूचं होतं, असं तो शपथेवर सांगे. त्यावरही लोक हसत.

निवडून आलेले गृहस्थ वर्षभरातच वारले, पोटनिवडणूक लागली, आणि जीप पुन्हा मैनाबाईच्या दारात उभी राहिली.

"मैनाबाई," त्र्यंबकराव खाटेवर बसत म्हणाले, "झालं गेलं विसरा. मतदार परत आणायचे आहेत. लाऊडस्पीकर आणतो. बायकांना हळदीकुंकवाला बोलवा, प्रत्येकीला खण देऊ."

"खन?" मैनाबाई उभी राहिली. "गोदाबाईले खन देता? कोनासाठी शिवीन थे चोळी? मेलेल्या सुनेसाठी?"

"अहो, तसं नव्हे…"

"मंग कसं? मी चुलीवर हात ठेवून लबाड ठरली, साहेब! तुमी बालाघाटले पंख्याखाली बसून ठरले काय लबाड? मले कुत्रं पुसत नाही गावात!"

"बरं, मग तुम्हीच सांगा," वकीलसाहेब चिडले. "रुसलेलं गाव परत कसं येतं?"

"गाव कुठी गेलं? गाव अठीच हाय. गेले तुमी. वाळीत पडलेला मानूस परत येते, तसे या."

बोरटोल्याच्या लोकांची ती जुनी चाल होती. कुणाच्या हयगयीनं दावणीचा बैल दाव्यासकट मेला, कुणी बायको टाकून दिली, की त्या माणसाला वाळीत टाकत. त्याला परत यायचं असेल, तर त्यानं होळीच्या दुसऱ्या दिवशी आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, अनवाणी, उघड्या डोक्यानं उभं राहायचं. गावानं पोटात असेल ते बोलायचं. त्यानं तोंड उघडायचं नाही, 'हौ' म्हणायचं नाही की 'नाही' म्हणायचं नाही. सगळ्यांची पोटं रिकामी झाली, की सगळ्यात दुखावलेल्या घरानं त्याला तांब्याभर पाणी द्यायचं. पाणी प्याला की तो घरचा. मध्येच बोलला, तर बैठक उठते आणि पुढच्या होळीपर्यंत तो बाहेरचा.

त्र्यंबकरावांना कल्पना फारच आवडली. पुढाऱ्याला नवीन नाटक मिळालं की तो जुनं पाप विसरतो. "फक्त उभं राहायचं आणि ऐकायचं? त्यात काय!"

"कोर्टात तुमी बोलता, साहेब. अठी तोंड शिवून या."

होळीच्या दुसऱ्या दिवशी आखर भरला. म्हातारा सुखराम मध्ये घोंगडीवर बसला. बैठक त्याच्या शब्दावर बसे आणि त्याच्याच शब्दावर उठे. वकीलसाहेबांनी बूट काढले, टोपी काढली. टक्कल उन्हात चमकलं तसं मागून कुणी तरी म्हणालं, "चंद्र दिवसाच निंघाला का जी?" आखरभर हशा उसळला. वकीलसाहेब गप्प. मैनाबाई मागे मुठी आवळून उभी. हा माणूस मुका राहिला, तर तिचा शब्द परत येणार होता.

"शाळा देतो म्हनले. मास्तर येते का? येते. पगाराच्या दिवशी!"

"माह्या पोराले चपराशी लावतो म्हनले. पोरगा आता दोन लेकरांचा बाप झाला, तरी अर्जीच लिवून राह्यला!"

वकीलसाहेबांच्या कानशिलावरून घाम उतरला, पण ओठ मिटलेले. मैनाबाईला वाटलं, निभावतो गडी.

शेवटी गोदाबाई उठली. तांब्या तिच्याच हातात होता. "माही सून गाडीत मेली," ती म्हणाली. "सारा मुलूख बसाले आला. तुमी आले नाही."

"पण मला कुणी कळवलंच नाही!" त्र्यंबकरावांचं तोंड आपोआप उघडलं, जन्मभर कोर्टात उघडत आलं तसं. "आणि रपट्याचं म्हणाल, तर मी स्वतः वर पाठपुरावा केला होता. मंजुरी अडली ती…"

सुखरामनं घोंगडी झटकली. "बैठक उठली."

"अहो, मी फक्त खुलासा…"

"खुलासा!" मैनाबाई किंचाळली. "बाई मेली, अन् हा खुलासा देते! तोंड शिवा म्हनलं होतं ना तुमाले? दोन घडी? तुमच्या बापजन्मी दोन घडी गप बसले का कोनी?"

सुखराम निघालाच होता. मैनाबाईनं त्याची वाट अडवली, चपला भिरकावल्या, पदर डोक्यावरून काढला आणि वकीलसाहेबांना कोपरानं बाजूला सारून त्यांच्या जागी उभी राहिली.

"तू काहून?" सुखराम म्हणाला. "तुले कोन वाळीत टाकलं?"

"तुमी मानसं काय जानता? बायांनी टाकलं. बसा खाली. बोला म्हना त्याहिले."

सुखराम बसला. मैनाबाईनं तोंड मिटलं.

आणि बाया सुटल्या. जीपची सीट निघाली, "बढाव" निघालं, तिनं सडकेवरून हात हलवला ते निघालं. "राजाची रानी निंघाली होती! आमी चिखलात, अन् हे गादीवर!" मैनाबाईचे गाल तांबडे झाले, नाकपुड्या फुगल्या. हिनं आता कुणाच्या तरी झिंज्या धरल्या, असं सगळ्यांना वाटत होतं. सुखराम म्हणाला, "नथ्थू, तुले बोलाचं हाय का काही?" नथ्थूनं बायकोकडे पाहिलं, आखराकडे पाहिलं. "माहं राहू द्या," तो म्हणाला. "घरी जगाचं हाय मले." हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती हसली नाही.

गोदाबाई पुढे आली तेव्हा हसू आपोआप थांबलं.

"वैशाखात तिले माहेरी धाडनार होतो मी. सडकेपल्याड, दवाखान्यापाशी. तूच म्हनली, पावसाच्या आधी रपटा होते, काहून धाडते? माह्या चुलीवर हात ठेवून म्हनली. म्हनून ठेवली मी तिले."

हे गावाला ठाऊक नव्हतं. मैनाबाईला ठाऊक होतं. तिचं तोंड उघडलं. साहेबानं सांगितलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. तो साहेब बाजूलाच उभा होता, टोपी हातात घेऊन. तिनं ते वाक्य घोट गिळावा तसं गिळलं. डोळे गोदाबाईवरून हलवले नाहीत.

गोदाबाईनं तांब्या पुढे केला, मायेनं नव्हे, रागानं. मैनाबाई घटाघटा प्याली.

"वा!" वकीलसाहेब ओंजळ पुढे करत आले. "बाईंनी पक्षाची लाज राखली. आता आम्हालाही…"

"हे पानी हिचं हाय," गोदाबाई म्हणाली, आणि उरलेलं मातीत ओतलं.

"मैनाबाई, बसा जीपमध्ये," त्र्यंबकराव कुजबुजले. "पुढच्या गावी हीच गोष्ट सांगू. लोक पाघळतील."

"माही गोष्ट इकता?" मैनाबाई फिरली. "रपटा बांधा. पक्ष जितो का मरो, बांधा. मी त्याच्यावर पाय ठेवीन, मंग सांगीन लोकाले हाय म्हनून. तठपर्यंत माह्या दारी जीप आली, तं तिच्यात राखच टाकतो."

ती चपला न घालताच बायांबरोबर गाडीवाटेनं निघाली. गोदाबाई पुढे होती, मैनाबाई मागे, मध्ये हातभर अंतर. दोघी बोलत नव्हत्या. बाकीच्या मात्र एकमेकींवर ओरडत सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या. मागून जीप आली. मोतीलालनं हॉर्न वाजवला, मग आणखी वाजवला. वाट अरुंद, दोन्हीकडे बांध. कुणी बाजूला झालं नाही. वकीलसाहेबांची जीप गाव येईपर्यंत बायांच्या चालीनं, त्यांच्या पायांची धूळ खात, मागे मागे येत राहिली.