जमालभाई आणि विचुंब्याचं विमान

जमालभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका रिक्षाच्या पोटात शिरले होते. फक्त पाय बाहेर होते. माझ्या स्कूटरच्या सीटचं कव्हर फाटलं होतं. आतून आवाज आला, "काळं हवं की लाल?"

मी काळं म्हणालो. ते बाहेर आले, सीटवरून हात फिरवला आणि विचारलं, "विमान बघितलंय कधी जवळून?"

सीटचा आणि विमानाचा काय संबंध, ते मला तेव्हा कळलं नाही. त्या शुक्रवारी नमाजानंतर त्यांनी मला माझ्याच स्कूटरवर मागे बसवलं आणि पनवेलजवळच्या विचुंब्याला नेलं. नव्या इमारतींच्या मागे एक मोकळा प्लॉट होता. गवत, दोन शेळ्या, कोंबड्या. आणि मध्ये एक अख्खं विमान.

मी नुसता उभा राहिलो. साहित्य शिकलेल्या माणसाला अशा वेळी काहीतरी सुचायला हवं. मी शेळ्या मोजल्या.

"डकोटा," जमालभाई म्हणाले. जणू घरातल्या कुणाची ओळख करून देत होते.

नाक वर, शेपटी जमिनीला टेकायला आलेली. आत शिरलो तर चढण चढावी लागली. पायलटच्या जागेवर एक कोंबडी अंड्यावर बसली होती. जमालभाईंनी तिला सलाम केला आणि तिच्या शेजारच्या सीटवर मला बसवलं. दोन्ही सीटची कव्हरं नवीकोरी. काळी, लाल किनारीची. शिलाई ओळखू आली. तशीच माझ्या स्कूटरवर होती.

जमालभाई पनवेलचे. मोहल्ल्यात वडिलांचं रिक्षाच्या हुडांचं दुकान. तरुणपणी ते शारजाला गेले, सोफे शिवायला. तिथे गावाबाहेर वाळूत एक जुनं मालवाहू विमान टाकून दिलेलं होतं. दर सुट्टीला ते तिकडे जायचे. सोबतचे लोक मॉलमध्ये जात. हे कुंपणाला नाक लावून उभे.

"करायचात काय तिथे?" मी विचारलं.

"काही नाही. बघायचो. कुणी नेत नाही, कुणी मोडत नाही. बिचारं उभं आहे. मी पण तसाच होतो त्या वेळी."

परत आले तेव्हा त्यांचा शाळेतला दोस्त हरेश घरत याने एक पराक्रम करून ठेवला होता. हरेश विचुंब्याचा. घरची जमीन, मग बिल्डिंग मटेरियलचा धंदा. एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या लिलावात त्याने हे विमान उचललं. हायवेला लावायचं आणि आत ढाबा काढायचा, असा बेत. ढाबा झाला नाही. विमान प्लॉटवर राहिलं. ते पाहून जमालभाई तिथेच खाली बसले, असं हरेश सांगतो. तेव्हापासून दर शुक्रवार त्यांचा तिथेच.

जमालभाईंची बायको सुगराभाभी. त्या म्हणतात, "निकाह माझ्याशी केला आणि जुम्मा तिला दिला. सवत आणली ती पण पंखवाली."

आता डोक्यावरून रोज नव्या विमानतळाची विमानं जातात. जमालभाई मान वर करत नाहीत. "त्या बसेस आहेत," म्हणतात.

गेल्या थंडीत हरेशच्या मुलीचं, अंकिताचं, लग्न ठरलं. आणि हरेशने एक दिवस दुकानात येऊन सांगितलं, "जमाल, विमान काढतोय. सोमवारी भंगारवाला येनार."

जमालभाईंच्या हातातली सुई थांबली.

"अरे, अंकिताची हळद हाय. आख्खी भावकी जेवायला येनार. मांडव काय आभाळात घालू?"

"दुसरा प्लॉट बघ की."

"दुसऱ्यावर रेती हाय. आनि बायको रोज डोकं खाते. दारात भंगार बघून पावने काय बोलतील?"

"भंगार नको बोलूस."

"मग काय बोलू? जावई?"

जमालभाई हसले नाहीत. त्यांना हसू आलं नाही अशी ती एकच वेळ मी पाहिली.

पण ते गप्प बसले नाहीत. पुण्याच्या सत्यजीतला त्यांनी फोन लावला. सत्यजीत बँकेत आहे आणि टाकून दिलेली विमानं बघण्यात सगळ्या रजा घालवतो. त्याच्या मित्रांनी पुण्याबाहेर एक शेड घेतली आहे, असली विमानं सांभाळायला. तो रविवारी येतो म्हणाला. विमान त्यांनी नेलं तर वाचणार होतं. नाहीतर सोमवार होताच.

तोवर जमालभाई विमानाला नटवायला लागले. डकोटाच्या शेपटीचं उभं सुकाणू नुसतं पत्र्याचं नसतं. आत ॲल्युमिनियमचा सांगाडा, वरून कापड. ते कापड कधीच कुजून गेलं होतं. जमालभाईंनी मांजरपाट आणलं. दुकान बंद करून ते शिवत बसायचे. मग कापड ताणून बसावं म्हणून त्यावर लॅकरचे हात दिले. वास इतका की शेळ्या प्लॉट सोडून गेल्या.

सत्यजीतने फोनवर बजावलं होतं, हे फार लवकर पेटतं, आग जवळ नको. जमालभाईंनी ते मनावर घेतलं. हरेशच्या तोंडातली सिगारेट काढून त्यांनी पायाखाली विझवली. उदबत्तीसुद्धा बंद.

रविवारी सत्यजीत दोन मित्रांना घेऊन आला. तिघं गाडीतून उतरले आणि वेडे झाले. एकजण रिव्हेटचे फोटो काढू लागला. एकजण चाकाखाली आडवा झाला. सत्यजीत कॉकपिटमध्ये गेला आणि डोळे मिटून श्वास घेतला.

"हा वास! जुनं चामडं, जुनं तेल..."

"कोंबडीची शीट आहे ती," अंकिता खालून म्हणाली.

सुकाणूपाशी मात्र सत्यजीत बराच वेळ थांबला. टिचकी मारली. ढोलकीसारखा आवाज आला.

"हे तुम्ही शिवलंत?"

"हुडासारखंच आहे," जमालभाई म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

मग सत्यजीतने शेडची गोष्ट काढली. शेड लहान होती. पंख मावणार नव्हते. धडसुद्धा नाही. फक्त पुढचा भाग, कॉकपिट, कापून नेता आला असता.

"म्हणजे मुंडकं?" जमालभाई म्हणाले.

"निदान तेवढं तरी वाचेल."

जमालभाईंनी शेपटीकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. "आधी जेवून घ्या," ते म्हणाले. "लांबून आलात. पोपटी लावतो."

थंडीत आमच्याकडे पाहुण्याला पोपटी खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. मडकं मालूवहिनींनी, हरेशच्या बायकोने, भरून दिलं. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, ओवा, जाडं मीठ, भांबुर्ड्याचा पाला. कोंबडी जमालभाईंनी त्यांच्या खाटकाकडून आणली होती. मडकं उपडं घालायचं, भोवती पेंढा रचायचा आणि पेटवायचा. पण खाडीकडून वारा सुटला होता. पेंढा उडत होता. जमालभाईंनी आडोसा शोधला. आडोसा एकच होता, शेपटीचा.

आम्ही सगळे तिथे होतो. सिगारेट विझवून घेतलेला हरेशही होता. कुणाच्याही डोक्यात आलं नाही. पोपटीला आमच्याकडे कुणी आग समजतच नाही. ते जेवण असतं.

पेंढा छान पेटला. सत्यजीत गाडीतून पाणी घेऊन येत होता. त्याने पाहिलं आणि तो ओरडला. तोवर वारा फिरला होता. एक जळती काडी उडाली. सुकाणू एकदम पेटलं, खालून वर, कागदासारखं.

जमालभाई जागचे हलले नाहीत. हातात पेंढा तसाच.

धावला तो हरेश. प्लास्टिकची खुर्ची उलटी पाडून धावला. पाहुण्यांसाठी घातलेला नवा पांढरा शर्ट त्याने अंगातून ओढून काढला, शेपटीच्या आडव्या पंखावर चढला आणि आगीला बडवायला लागला. "पानी आना रे! जळतंय माजं विमान! जमाल, बघत काय ऱ्हायलास?"

मालूवहिनींनी शेंगा धुतलेल्या पाण्याचा हंडा फेकला. मग अंकिताने बागेचा पाइप आणला. आग विझली. कापडाचा मागमूस राहिला नाही. नुसत्या काळ्या फासळ्या.

"सांगाडा शाबूत आहे," सत्यजीत म्हणाला.

जमालभाई खाली बसले. "मीच," ते म्हणाले. "माझ्या हातानं."

हरेश बनियनवर उभा होता. भुवया अर्ध्या जळालेल्या. मालूवहिनींनी त्याला खालून वर पाहिलं.

"भंगारासाटी नवा शर्ट जाळलास?"

"भंगार नको बोलूस," हरेश म्हणाला.

म्हणाला आणि त्याने जमालभाईंकडे पाहिलं. वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "मगाशी काय बोंबलत होतास? माजं विमान? जा, विचार आता तुज्या विमानाला, मांडव कुटं घालू ते."

"पंखाला बांधू," अंकिता म्हणाली. "अर्धं छप्पर आयतंच आहे."

"आनि पावने?"

"पाहुणे फोटोच काढत बसतील. जेवण कमी लागेल."

हरेशने फोन काढला आणि भंगारवाल्याला लावला. "उद्या येऊ नको. नाय, भाव नाय वाढवायचा. विकायचंच नाय. घरचं हाय ते." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. हरेशने फोन बंद केला आणि जमालभाईंकडे वळला. "बसून काय ऱ्हायलास? हळदीपर्यंत शिवून पायजे. नागडं नाय ठेवायचं मांडवात."

"घरचं हाय तर हळद पन लागंल त्याला," मालूवहिनी म्हणाल्या. "बाया सोडनार नाय."

जमालभाईंनी मान वर केली. डोळे ओले होते, पण कपाळाला आठी पडली होती.

"पत्र्याला लावा किती पण," ते म्हणाले. "कापडाला हात लावाल तर बघा. डाग निघत नाही."