पंचनामा मागणारी गयाबाई

भोकर तालुक्यात तलाठी म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात गयाबाई माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. "जयभीम, आप्पा. म्या सरकारच्या गायरानात ज्वारी पेरली हाय. माझ्यावर केस करा." गुन्हा लपवणारी माणसं रोज भेटायची, मागून घेणारी ही पहिलीच. मी हसलो. ती हसली नाही.

तिचं म्हणणं सरळ होतं. माळाकडेची दीड एकर तिच्या सासऱ्याने दगड वेचून वहितीला आणली होती, पण सातबाऱ्यावर नाव सरकारचं. सलग जुनी वहिवाट सिद्ध झाली, तरच जमीन नावावर होण्याची आशा. आणि पुरावा एकच: 'अतिक्रमण केले' असा सरकारी पंचनामा. दर हंगामात ती तो करायला लावायची. पंचांना चहा पाजायची, मी लिहू लागलो की वाकून बघायची. वाचता येत नव्हतं, तरी विचारायची, "बेकायदेशीर लिवलं का? ठळक लिवा." मग अतिक्रमणाचा दंड भरायची; कागद प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी पत्र्याच्या पेटीत.

एका वर्षी ती नांदेडच्या दवाखान्यात महिनाभर पडून होती. पेरणी मुलीने केली. म्हटलं, आजारी बाईला यंदा दंड कशाला? 'जमीन पडीक' असं लिहून मोकळा झालो. दोन दिवस स्वतःवर खूश होतो.

पुढे त्या बाजूने मोठा रस्ता निघाला आणि गायरानाला सोन्याचा भाव आला. तिथे कधी शेरडूही न चारलेल्यांनी चार दिवसांत दगड रोवले, तारा ओढल्या. खरी जुनी वहिवाट कोणाची, याची चौकशी लागली. चौकशीच्या साहेबांनी गयाबाईची पेटी उपसली आणि नेमकं माझ्या 'पडीक'वर बोट ठेवलं. वहिवाट तुटली होती.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "दंडानं न्हाई मेले मी. तुमच्या दयेनं मारलं बगा."

मी तिथेच लेखी जबाब दिला: पीक उभं होतं, खोटी नोंद माझी. त्या साली ज्वारी काढलेल्या बायकाही साक्षीला आल्या. जमीन तिच्या नावावर झाली आणि मला चौकशीची नोटीस आली.

सातबारा मिळाल्यावर ती पदरात हुरडा घेऊन कचेरीत आली. माझी नोटीस मागून घेतली, नीट घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत सरकवली आणि माझ्या हातात दिली. "जपून ठिवा, आप्पा. आता तुमच्यावर बी केस हाय."

गयाबाईला जाऊन दोन वर्षं झाली. शेत मुलगी कसते. माझी प्रशस्तिपत्रं कुठे पडली आहेत, मला ठाऊक नाही. नोटीस मात्र तिच्या पिशवीत आहे, आणि घरी आलेल्या प्रत्येकाला मी ती दाखवतो.