पाटावरचं स्टॉपवॉच

"घड्याळ खोटं बोलतंय," असं माझ्या टपरीवर येऊन कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. मी गोरक्ष. देवळाली प्रवरात बसस्टँडच्या कोपऱ्यावर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. डोळ्याला भिंग लावून तीस वर्षं बसलोय. लोक घड्याळ आंघोळीला नेतात, पोराच्या हातात खेळायला देतात, बैलगाडीच्या साट्यावर आपटतात आणि मग माझ्यासमोर ठेवून म्हणतात, ते खोटं बोलतंय. अरे, खोटं बोलायला ते काय पुढारी आहे?

तीस वर्षांत एकच माणूस असा भेटला, ज्यानं आपल्या घड्याळावर कधी आळ घेतला नाही. सहादूतात्या. कालव्यावरचा पाटकरी. दारं उघडायची, बंद करायची, ज्याच्या पाळीला जेवढं पाणी तेवढंच सोडायचं, ही त्याची नोकरी. काळा, काटकुळा, उन्हानं रापलेला, आणि तोंडानं असा फटकळ की साहेबसुद्धा त्याच्याशी जपून बोलायचे.

त्याच्या खिशात एक चावीचं स्टॉपवॉच असायचं. पाण्याचा वेग काढायला पाटबंधारे खात्यात ते वापरायचे. लाकडाचा ठोकळा पाटात सोडायचा आणि शंभर फूट जायला त्याला किती सेकंद लागतात ते बघायचं. पुढं खात्यात नवी घड्याळं आली, हे रद्दीत निघालं आणि एका साहेबानं ते तात्याला देऊन टाकलं. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी तो माझ्याकडं येणार, स्टुलावर बसणार आणि मी तेल घालेपर्यंत माझ्या हातावरची नजर हलवणार नाही. लेकराला डॉक्टरपुढं धरावं तसं.

राधाकृष्ण बागायतदारानं एका उन्हाळ्यात त्याला आणखी अर्धा तास दार उघडं ठेवायला सांगितलं होतं. तात्या म्हणाला, "शेठ, तुमची पाळी झाली." राधाकृष्ण म्हणाला, "सहादू, तुझं घड्याळ पुढं पळतंय." वयानं दहा वर्षांनी लहान असून हा बाबा त्याला सहादूच म्हणायचा, का म्हणायचा ते गावाला ठाऊक होतं. तात्यानं दार बंद केलं, कुलूप लावलं आणि म्हणाला, "तुमचं घड्याळ आना, शेजारी लावा. माजं चुकलं तर उद्या पाटात मी आडवा झोपतो." राधाकृष्णानं घड्याळ काही आणलं नाही. पण ते दुखणं त्यानं पोटात ठेवलं.

आता चौऱ्याण्णव सालची गोष्ट. तात्या निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. त्याची धाकटी लेक वृषाली बी. ए. झालेली, पोलीस भरतीच्या मागं लागलेली. आधीच्या भरतीत ती धावण्यात मार खाऊन परत आली होती. ही शेवटची संधी, कारण पुढच्या वेळेला तिचं वय बसणार नव्हतं. आठशे मीटर धावायचं. कॉलेजातल्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तीन मिनिटं पाच सेकंदांच्या आत आलीस तर भरतीला नगरला जा, नाहीतर एस.टी.चं भाडं वाचव.

पोरगी रोज सकाळी पाटाच्या रस्त्यावर धावायची. ओढणी कमरेला गच्च बांधलेली. उसाला पाणी द्यायला आलेले बाप्ये बांधावरून ओरडायचे, "काय गं, पाळी चुकली का तुझी?" ती धावता धावताच उलट ओरडायची, "तुमची चुकवायला निघालेय!" बापाचंच तोंड घेतलं होतं तिनं. तात्याच्या वस्तीतल्या विहारापुढच्या दगडापासून सुरुवात, पुढच्या दगडाशी शेवट. कालव्याला दर अर्ध्या मैलावर दगड आहेत. अर्धा मैल म्हणजे आठशे मीटर आणि वर चार-पाच पावलं. तात्या पुढच्या दगडाशी उभा. इकडून बनाबाई, म्हणजे वृषालीची आई, पांढरं फडकं खाली पाडणार, मग तात्या बटण दाबणार.

आणि रोज तीन मिनिटं अकरा सेकंद. कधी दहा, कधी बारा. तीन महिने पोरीनं जीव काढला, पण काटा काही अकराच्या खाली टिकेना.

ही बातमी राधाकृष्णाला लागायला कितीसा वेळ? हॉटेलच्या बाकड्यावर बसून तो चारचौघांत म्हणाला, "ते भंगार पुढं पळतं हे मी वीस वर्षांपूर्वीच बोललो होतो. तेव्हा आमचं पाणी तोडलं, आता लेकीचं नशीब तोडतंय. म्हणावं, नवं घे."

दुसऱ्या दिवशी बापलेक माझ्या टपरीपुढं. भरतीला पंधरा दिवस उरलेले. माझ्या काचेत एक काळं डिजिटल घड्याळ होतं, सेकंदाचे शंभर तुकडे दाखवणारं. वृषालीनं त्याच्यावर बोट ठेवलं.

"काका, हे द्या. आईनं पैसे दिलेत."

"न्हाई घ्यायचं," तात्या मागून म्हणाला.

"दादा, तुमचं घड्याळ पन्नास वर्षांचं आहे!" बापाला ती दादाच म्हणायची.

"मी साठाचा हाय. मला बी बदलती का?"

"तुमच्या हट्टापायी माझी भरती जाईल. मग काय करू? त्या राधाकृष्णाच्या उसात खुरपायला जाऊ?"

तात्याचा चेहरा पडला. मला विकायला काय जात होतं? खरं सांगतो, त्या आठवड्यात माझ्याकडं बोहनीची मारामार होती. पण माझ्या हातानं तेल घातलेलं घड्याळ खोटं ठरवून दुसरं विकायचं? माझीही खोपडी सटकली. मी म्हणालो, "थांबा दोघं. आधी तपासायचं, मग बोलायचं."

रेडिओ लावला. बातम्यांच्या आधी वेळेचे ठोके पडतात, त्यातल्या शेवटच्या ठोक्याला तात्यानं बटण दाबलं. तासाभरानं पुन्हा ठोके पडले तेव्हा भिंग लावून मी काटा वाचला. तासात दीड सेकंद फरक. तोही मागं! मी काउंटरवर हात आपटला. "पुढं कसलं पळतंय? उलट मागं राहतंय, आणि तेही तासाला दीड सेकंद. तीन मिनिटांत ते काय डोंबल फरक पाडणार!"

पोरीला पटेना. मी डिजिटल घड्याळ तिच्या हातावर बांधलं. म्हणालो, "फुकट ने. उद्या दोन्ही लाव. तुझ्या वेळात फरक पडला तर हे तुझं."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः सायकल मारत पाटावर गेलो. फडकं पडलं, पोरगी आली, दगडाला हात लावून तिनं मनगटावरचं बटण दाबलं. तात्याचं घड्याळ तीन अकरा. डिजिटल तीन अकरा आणि वर काही तुकडे. मी खुशीत येऊन "बघ!" म्हणालो आणि लगेच माझीच जीभ मला चावावीशी वाटली. कारण वृषाली तिथंच दगडाला टेकून खाली बसली.

"म्हणजे घड्याळ खरं," ती म्हणाली. "मग मीच हळू आहे." आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागली. "नाही जायचं मला नगरला. तिथं पुन्हा हसं करून घ्यायचं नाही."

बनाबाई तिकडून धावत आली, पोरीला पोटाशी धरलं. मला तर कुठं बघावं कळेना. माझं घड्याळ जिंकलं होतं आणि पोरगी हरली होती, असलं जिंकणं काय चुलीत घालायचं? तात्या मात्र कालव्याकडं तोंड करून उभा. बोलला, तोही स्वतःशीच.

"चाळीस वर्सं पानी पळताना बघितलं. पळनारं कोन आन् रखडनारं कोन, मला कळतं. पोरगी हळू न्हाई. घड्याळ खोटं न्हाई. मग ऱ्हायलं काय?"

माझं उत्तर ऐकायला तो थांबलाच नाही. घरी जाऊन पन्नास फुटांची दोरी घेऊन आला, तिचं एक टोक माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाला, "चल, धर."

"अहो तात्या, दुकान उघडायचंय!"

"तुझ्या दुकानाच्या आयला! धर म्हन्तो ना!"

धरली. दगडापासून दगडापर्यंत, रस्त्यावर दोरी ताणत, खुणा करत, मोजत. अर्धा मैल म्हणजे दोरी त्रेपन्नाव्यांदा पुरी सरायच्या आत दगड यायला हवा. मध्ये ओढा आडवा येतो म्हणून तिथं कालवा घोड्याच्या नालासारखा वळसा घेतो. त्या वळणावर आम्ही दोरी टाकतोय, टाकतोय, दगड काही येईना. दोरी पंचावन्न वेळा पुरी सरली आणि वर आणखी बारा फूट.

तात्या मटकन खाली बसला. वळणाकडं बघत राहिला आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

"गोरक, दगड पान्याचं हायत रे. मोजनी पाटाच्या मधनं झालेली. पानी मधनं जातं. रस्ता हाय भायेरच्या काठानं, समदा वळसा भायेरनं घालतो. चाळीस वर्सं मी पान्याच्या हिशेबानं चाललो, आन् पोरीला बी पान्याच्या हिशेबानं पळवली!"

आठशेपेक्षा चांगली बेचाळीस मीटर जास्त पळत होती पोरगी. रोज. पाटकऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून असली चूक होणंच शक्य नव्हतं. दुसऱ्या कुणी त्या दगडांवर एवढा भरवसा टाकलाच नसता.

आम्ही सांगितलं तेव्हा वृषालीला आनंद व्हावा ना? छे! ती भडकली. "तीन महिने, दादा! तीन महिने मी स्वतःला शिव्या घालतेय! रात्र रात्र पाय चेपत बसलेय!"

ज्या माणसानं बागायतदारापुढं मान तुकवली नव्हती, तो लेकीपुढं खाली मान घालून उभा राहिला. "माजी चूक हाय," म्हणाला. "घड्याळाची न्हाई, तुजी न्हाई. माजी."

दोरीनं नेमके आठशे मीटर मोजून आम्ही सरळ तुकड्यावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी ती तिथं धावली. तीन मिनिटं तीन सेकंद. डिजिटल घड्याळ तिनं मनगटावरून काढलं आणि माझ्या खिशात टाकलं. "काका, हे काचेत ठेवा परत. मला कशाला?"

भरतीच्या दिवशी मीही दुकान बंद ठेवून नगरला गेलो. आम्हाला मैदानात कोण सोडणार? तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहिलो. शिट्टी वाजली, तात्यानं बटण दाबलं. मी घड्याळाकडं बघत होतो, तात्या लेकीकडं. शेवटच्या वळणावर ती तिसऱ्या नंबरवर होती आणि तिथून अशी सुटली, अशी सुटली की मी तार पकडून बोंबलत सुटलो. तिची छाती रेघेवर आली आणि तात्याचा अंगठा बटणावर दाबला गेला. तीन मिनिटं एक सेकंद.

महिन्याभरानं यादी लागली. तिचं नाव अकरावं. तात्यानं पेढ्याचा पुडा घेतला आणि सगळ्यात आधी राधाकृष्णाच्या वाड्याची पायरी चढला. पेढा त्याच्या हातावर ठेवून म्हणाला, "घड्याळ तेच हाय, राधाकृष्ण. बदललं न्हाई." जन्मात पहिल्यांदा त्यानं 'शेठ' लावलं नाही.

पुढं सहा महिने झाले तरी तात्या तेल घालायला फिरकला नाही. मीच विचारात पडलो. मग एक दिवस आला, नेहमीसारखा स्टुलावर बसला आणि घड्याळ माझ्यापुढं ठेवलं. चावी संपलेली. काटा तीन मिनिटं एक सेकंदावर उभा. काटा शून्यावर न्यायला मी सवयीनं बटणाकडं अंगठा नेला, तर त्यानं माझं मनगटच पकडलं.

"वरनं काच पूस निस्ती," तो म्हणाला. "बटन दाबायचं न्हाई. आता ह्यानं काय मोजायचं ऱ्हायलं न्हाई."

तीस वर्षं मी बंद घड्याळं चालू करत आलोय. तेवढं एक मी नुसतं पुसून दिलं.