काकूच्या फोटोला हार

काकूनं फोटोला होकार दिला, पण एका अटीवर. ऊसतोडीत पाळीपायी खाडा पडायला नको म्हणून आमच्याकडं कितीतरी बायकांनी गर्भपिशवी काढून टाकली. माझी ही चुलती त्यांतलीच. अशा बायकांच्या फोटोंचं प्रदर्शन मी आधी चौसाळ्यात आणि मग गेवराईला लावणार होते. काकू म्हणाली, लाव खुशाल. पण माझ्या फोटोपुढं कुणी च्च च्च केलं, तर तिथंच उतरवून घरी नेईन. काकू बोलली म्हणजे करणार.

फोटो मात्र लई झकास आलता. शेळी कॅमेऱ्याचा पट्टा चघळत होती. एका हातानं तो ओढत दुसऱ्या हातानं मी बटण दाबलं, आणि उंबऱ्यावर बसलेली काकू पोट धरून हसताना सापडली. तोच मी सगळ्यांत मोठा करून दारासमोर लावला. अक्कल चरायला गेलती माझी, दुसरं काय!

उद्घाटनाला एक पुढारी बोलावले होते. त्यांच्या सत्काराचा झेंडूचा हार ताटात तयार होता. आता आपल्याकडं कुठलाही कार्यक्रम घ्या, सुरुवात प्रतिमापूजनानं. एवढी मोठी फ्रेम समोर दिसल्यावर साहेबांचा सवयीचा हात थांबतोय कशाला? मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत फोटोला कुंकू लागलं, हार चढला आणि साहेब डोळे मिटून उभे राहिले. काकूला न ओळखणाऱ्या बायका मागून हळहळल्या, च्च च्च.

पहिल्या रांगेतली काकू उठली. झालं, म्हटलं, आटोपलं प्रदर्शन. असा संताप आला मला त्या साहेबांचा! काकूनं फोटोवरचा हार काढला आणि सरळ साहेबांच्या गळ्यात घातला. त्यांनी डोळे उघडले. एकदा फोटोकडं बघतात, एकदा तिच्याकडं.

"साहेब," काकू म्हणाली, "पिशवी काढलीया, जीव न्हाई."

मग मघाच्या त्याच बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, आणि कसनुसं तोंड करून साहेबही हसले. मी मात्र तिच्या अटीप्रमाणं फोटो उतरवायला स्टूल ओढलं.

"ऱ्हाऊ दे," काकू म्हणाली. "गेवराईलाबी ह्योच मोठा लाव."